सेव्हेरिनाचे पंख

काल वही उघडली नाही. आज सोळा मे, रविवार, दुपारचे दोन. घरात कुणी नाही, तेव्हा लिहिते.

सेव्हेरिना माझ्या शेजारची. बहात्तर वर्षांची, म्हणून गावात सगळे तिला मानानं 'आलिंग' म्हणतात; नवरा कधीच गेलेला. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याच्या सणाला घरांवर टांगायची किपिंग ती चाळीस वर्षं लोकांना करून देत आली. तांदळाचं रंगीत पीठ खऱ्या पानावर फासायचं, वाफवायचं, दगडाखाली दाबून वाळवायचं आणि मग पान सोलून काढायचं. राहते ती नुसती पापडी, पण पानाची शीर न् शीर तिच्यावर उमटलेली.

तिचा मुलगा हेर्नानी नऊ वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर गेला. बोटही आली नाही, तोही नाही. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सातल्या प्रार्थनेसाठी नावं लिहायची चिठ्ठी असते, डाव्या बाजूला जिवंत, उजव्या बाजूला मृत. सेव्हेरिना त्याचं नाव जिवंतांत लिहायची. चिठ्ठ्या गोळा करणारी एकदा हळूच म्हणाली, "आलिंग, आता नऊ वर्षं झाली."

"मग? मेलेला पाहिलास तू त्याला?"

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी आम्ही दोघी नेहमीसारख्या सात चर्चना गेलो. माहायहायच्या चर्चच्या पायऱ्यांवर ती तीनदा बसली. "देवानं घर एवढं उंच कशाला बांधून घेतलं? त्याला गुडघे नाहीत वाटतं," म्हणाली. सातवं आमचं लुकबानचं. तिथे मेणबत्ती लावता लावता मला म्हणाली, "लुडिंग, यंदा सणाची मिरवणूक आपल्या गल्लीतून आहे. इसिद्रो माझ्या दारात थांबला, तर पोरगा आहे. नाही थांबला, तर नाही."

"देवाशी पैज लावतात का?"

"पैज कसली गं. थकले मी."

मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो. आमच्या गल्लीची पाळी यायला किती वर्षं गेली, तिलाच ठाऊक. महिनाभर ती किपिंग करत होती. दार मढवून झालं तरी हात थांबेनात, म्हणून इसिद्रोच्या मूर्तीच्या रथासाठी दोन पंख केले. लाल, पिवळे, हिरवे, माणसाच्या पसरलेल्या दोन हातांएवढे रुंद. रथाला बांधले तेव्हा सगळं गाव बघत राहिलं. फादरसुद्धा म्हणाले, "संताला उडवून नेता की काय, आलिंग?" खूप दिवसांनी ती हसली.

काल मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि रथ अडला. पंख दोन्ही भिंतींना लागले. मागून बँड, माणसं, रेटारेटी. रथ ओढणाऱ्यांतला बेनिग्नो ओरडला, "आलिंग, पंख मोडले तरच आत येईल! मोडू का?"

ती दारातच उभी होती, कडक इस्त्रीचा पांढरा झगा घालून. तिथून इसिद्रोचा चेहरा दिसत होता, जेमतेम वीस पावलांवर. मी म्हटलं, "सांग ना मोडायला! पापडीच तर आहे."

तिनं एकदा पंखांकडे पाहिलं, एकदा संताकडे.

"त्याला चढवलेलं कसं मोडू, लुडिंग?" आणि मोठ्यानं म्हणाली, "नको बेनिग्नो. जा सरळ."

रथ गल्लीत न वळता सरळ निघून गेला. मी म्हटलं, "अगं, तोंडाशी तर आला होता. तेही धरतात."

"तू धर," ती म्हणाली.

मिरवणूक गेल्यावर पोरांनी तिच्या दारावरची किपिंग ओरबाडली. तशी रीतच आहे. ती आडवी आली नाही. एकच पान उरलं होतं, ते तिनं तळलं, साखर भुरभुरली, अर्धं मला दिलं. मी ते हातातच धरून ठेवलं. ती सावकाश चावून खात होती.

आज सकाळी मिस्साला आम्ही बरोबर गेलो. चिठ्ठी घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. मग माझ्यापुढे सरकवली.

"तुझं अक्षर बरं आहे. तूच लिही."

"कुठे?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

तिनं बोट ठेवलं, उजवीकडे.

मी लिहिलं. हेर्नानी. त्या बाजूला त्याच्या वर तिच्या नवऱ्याचं नाव तिनं आधीच लिहिलं होतं.