खुन्यालाही बोलू द्या

माझा राग अजून उतरलेला नाही. तेव्हा हे सगळं मी शांतपणे सांगेन, अशी अपेक्षा ठेवू नका.

माझी आत्या कोर्टात टायपिस्ट होती. साक्षीदार बोलायचे, ती टाइप करायची. ‘मी तिथे नव्हतो’, ‘मी त्याला ओळखतच नाही’, असे दुसऱ्यांचे ‘मी’ बडवण्यात तिची हयात गेली. घरी आली की म्हणायची, “अगं, बोलत असतो तोवर प्रत्येक जण खराच वाटतो.” निवृत्त झाल्यावर तिने रहस्यकथा लिहायला घेतली, ती याच एका गोष्टीवर.

कथेत एका घरमालकाचा खून होतो. एक प्रकरण तपास करणारी बाई सांगते, पुढचं खुनी सांगतो. दोघंही ‘मी’ म्हणूनच बोलतात, आणि खुनी कोण ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. दोन आवाजांची खिचडी होऊ नये म्हणून आत्या तपासबाईची प्रकरणं जेवणाच्या टेबलावर लिहायची आणि खुन्याची जिन्यात बसून. एकदा ती जिन्यात असताना शेजारीण साखर मागायला आली. आत्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारी रिकामी वाटी घेऊन परत गेली.

पहिली वाचक मीच. खुनी मला चक्क आवडायला लागला होता. आजारी बायकोची उशी तो ज्या मायेने सरळ करतो, ते वाचून मला भरून आलं. शेवटी कळलं की हा तर कोपऱ्यावरचा औषधवाला, तपासबाईला रोज नमस्कार करणारा! आत्या खूश. “खुन्याची बाजू घेतलीस ना? आता बस विचार करत!”

प्रकाशकाने पुस्तक घेतलं आणि संपादकाच्या हाती दिलं. त्या दीडशहाण्याने काय करावं? खुन्याची सगळी प्रकरणं बदलून टाकली! ‘मी दार लोटलं’ होतं तिथे ‘औषधवाल्याने दार लोटलं’. म्हणजे दुसऱ्याच प्रकरणात सगळं जगजाहीर. आत्याला विचारायची तसदीसुद्धा घेतली नाही. छापलेलं पुस्तकच घरी आलं.

आत्याने त्याला फोन लावला. तो म्हणाला, “दोन-दोन ‘मी’ असले की वाचकाचा गोंधळ होतो.”

“दोन सुना एकाच भांडणाची हकीगत सांगतात, तेव्हा सासूचा होतो का गोंधळ?”

“मावशी, तुम्ही नवीन आहात. आम्हाला यातलं कळतं.”

काडीचं कळत नाही मेल्याला! आत्या त्या दिवशी जेवली नाही. “कोर्टात आरोपीलासुद्धा बोलू देतात गं,” एवढंच म्हणत राहिली.

मग भेटेल तो सांगायला लागला, “छान लिहिलंय, पण खुनी आम्ही लगेच ओळखला हं!” आत्या नुसतं “हो का?” म्हणायची. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

कहर तर पुढेच आहे. पुस्तक बरं खपलं, म्हणून गेल्या आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. आत्याला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालू होता. त्याला दुसरं पुस्तक हवं होतं. “फक्त एक सूचना,” तो म्हणाला, “या खेपेला खुनी कोण ते शेवटपर्यंत लपवा. रहस्यकथेत एवढं तरी हवंच ना!”

मी फोन हिसकावायला धावले. आत्याने हातानेच मला थांबवलं.

“दुसरं लिहून तयार आहे,” ती म्हणाली, “पण तुम्हाला द्यायचं नाही.”

“का हो?”

“त्यात तिघं जण ‘मी’ म्हणतात.”