कोंडबा निजला की मला भीती वाटायची

“बाळाला काहीही झालेलं नाही. त्याला झोप मिळत नाही, आणि ती तुम्हीच मिळू देत नाही.”

यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. दीड महिन्याचं पोर घेऊन मी घाटंजीहून मोटारीने धक्के खात आले होते. त्याच्या रडण्याने सगळी मोटार हैराण झाली होती. कंडक्टरने विचारलंसुद्धा, “बाई, याले काही चावलं काय?” एवढं सगळं करून निदान काय, तर आईच दोषी!

त्यांनी आम्हाला ठेवून घेतलं होतं. दूध, वजन, पोट, कान सगळं तपासलं. याला कॉलिक म्हणतात, असं त्या म्हणाल्या. म्हणजे धडधाकट तान्हं मूल रोज, बहुतेक संध्याकाळच्या सुमाराला, काही केल्या न थांबता रडतं. पाय पोटाशी घेतं, मुठी वळतं, लालबुंद होतं. का, ते नीट कोणालाच ठाऊक नाही. तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं.

“पण तुमचा मुलगा दिवसभर रडतो, कारण तो थकलेला आहे. नर्सबाईंनी पाहिलंय. तो निजला की तुम्ही तळपायाला टिचकी मारून उठवता. का?”

मी खरं ते सांगितलं. माझी आधीची मुलगी अशीच निजली होती.

मंदा तिचं नाव. तीही अशीच रडायची. आमच्या आळीतल्या बायका कापूस वेचायला जाताना लेकरांना मोहरीएवढी अफूची गोळी देत. मूल दिवसभर निजून राही. शेजारणीने मायेनेच तशी गोळी मंदाला चाटवली. मंदा निजली. कितीतरी दिवसांनी घर शांत झालं, म्हणून आम्ही सगळे पोटभर जेवलो. ती उठलीच नाही.

त्यानंतर तिचं रडणं माझ्या कानातून गेलं नाही. आमचे हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून, आणि आमच्या खोल्या कारखान्याच्या मागेच. यंत्रं सुरू झाली की त्या घरघरीत ती मला रडताना ऐकू यायची. वेडेपणा म्हणा, पण ते ऐकून माझं लुगडं दुधाने भिजायचं. पाळण्यात कोणी नसायचं.

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला विकलं. घाबरू नका, ती आमच्याकडची रीत आहे. आधीचं मूल गेलं की पुढचं दुसऱ्या बाईला द्यायचं, म्हणजे काळाला वाटावं, या घरात मूलच नाही. जवळच्या तांड्यावरची एक बंजारा बाई दर बाजाराला लाकडाची मोळी घेऊन यायची. सगळे तिला याडीच म्हणत; त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिने सूपभर कोंडा देऊन माझा मुलगा घेतला आणि आमच्याकडेच वाढायला ठेवला. म्हणून तो कोंडबा.

काळ फसला की नाही कोण जाणे, मी काही फसले नाही. कोंडबा रडत असला की माझा जीव ठिकाणावर असे. तो गप्प झाला की माझे हातपाय गार पडत.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “रडून मूल मरत नाही. ताप आला, उलट्या झाल्या, अंग ढिलं पडलं, दूध पिणं सोडलं, तर लगेच आणा. एरवी त्याला निजू द्या, आणि तुम्हीही झोपा. रडणं सोसेना, हात थरथरायला लागले, तर त्याला खाटेवर उताणं ठेवा आणि जरा अंगणात जाऊन बसा. कधीही गदगदा हलवू नका. गोळी तर नाहीच नाही.”

सांगणं सोपं होतं. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, मी बसते त्याच्यापाशी. हे म्हणाले, मी बसतो. मला कोणाचाच भरवसा वाटेना. मंदा निजली तेव्हा हे दोघंही घरातच होते ना!

बाजाराच्या दिवशी याडी आली. कोंडबा माझ्या खांद्यावर पेंगत होता आणि माझं बोट त्याच्या तळपायाकडे निघालं होतं. तिने ते पाहिलं. मोळी दारातच टाकली.

“कायले उठवून राह्यली त्याले?”

मी रडायला लागले, आणि कोंडबाही. तिने त्याला माझ्या खांद्यावरून सरळ उचलून घेतलं.

“हे पोरगं कोनाचं?”

“माझं,” मी म्हणाले.

“तुह्यं कसं? कोंडा देऊन घेतलं न म्या? जगलं तं माह्यं, मेलं तं माह्यं. तुले कायची फिकर? जाय, झोप.”

असलं अभद्र कोणी बोलतं का! सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मला मात्र छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलल्यासारखं झालं. मी आतल्या खोलीत गेले आणि पडले. कित्येक महिन्यांत अशी झोपले नव्हते.

जाग आली तेव्हा घर शांत होतं. मी धडपडत बाहेर आले. याडी भिंतीला टेकून बसली होती, कोंडबा तिच्या मांडीवर आणि तिचा तळहात त्याच्या पोटावर. तिने माझा हात ओढून तिथे ठेवला. पोट वर येत होतं, खाली जात होतं. आम्ही दोघी त्याला निजलेला बघत बसलो.

पुढे महिनाभर ती येत राहिली. तिसरा महिना सरता सरता संध्याकाळचं रडणं थांबलं. ज्या बायांची पोरं अशी रडतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: एकटीने सोसू नका. जिच्या हाती मूल देऊन डोळे मिटता येतील अशी एक बाई शोधा, मग ती कोणीही असो.

माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. कोंडबा आता शाळेत जातो. सुटीच्या दिवशी दुपारी चटईवर निजतो, आणि मी काही ना काही निमित्त काढून तिथून जाते. परवा अशीच त्याच्या उशाशी वाकले. त्याने डोळेही उघडले नाहीत.

“हाय मी, आई,” तो म्हणाला, आणि कूस बदलून पुन्हा झोपला.