मांदेलीचा उजवा पाय

गव्हाणच्या रंभाताई घरत कुत्र्यांना माशांची नावं ठेवतात. बोंबील, निवटी, ढोमी, मांदेली. मी जन्माची शाकाहारी, त्यामुळे दत्तक-अर्जावर 'नाव : बोंबील' असं लिहिताना सुरुवातीला माझा हात अडायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, "जरा बरी नावं ठेवा हो, लोक हसतात."

"हसू द्या," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत नंबर होता त्यांना. नंबराला कोन हसलं नाय."

मी चारुता. नवीन पनवेलच्या एका बँकेत नोकरी करते आणि शनिवार-रविवार कुत्र्यांमागे धावते. औषधांच्या चाचण्यांसाठीच जन्माला घातलेली आणि मग प्रयोगशाळेतून सोडलेली बीगल कुत्री आमचा सहा-सात जणांचा गट घरोघर देतो. या कुत्र्यांच्या कानात आतल्या बाजूला आकडा गोंदलेला असतो. पाच-पाच वर्षांची होतात, पण माती ठाऊक नसते, ऊन ठाऊक नसतं. गवतावर ठेवलं की चारही पाय उचलायला बघतात. अशी कुत्री एकदम कुणाच्या घरी देता येत नाहीत. आधी दोन महिने कुठेतरी त्यांना जग दाखवावं लागतं. ते जग म्हणजे रंभाताईंची ओटी आणि मागचं कुंपण घातलेलं अंगण.

रंभाताईंचं बालपण मिठागरात गेलं. मिठागर गेलं, जमीन गेली, आणि गावातल्या प्रकल्पग्रस्तांच्या यादीतून सत्ताविसाव्या वर्षी त्यांना एका कंपनीच्या प्राण्यांच्या विभागात काम मिळालं. तिथे एकोणीस वर्षं काढली. तो विभाग बंद झाला, कुत्री आमच्याकडे आली, आणि आठवड्याभरात या बाई हुडकत हुडकत थेट माझ्या दारात. "मना द्या कुत्री. जागा हाय." मी विचारलं, तिथे काम काय होतं? म्हणाल्या, "झाडलोट." मी अर्जावर झाडलोट लिहिलं. जागेसाठी आम्ही इतकी वणवण केली होती की जास्त विचारायचं सुचलंच नाही.

एक गोष्ट मात्र खटकायची. नवं कुत्रं त्यांच्या दारात आलं की भिंतीला चिकटायचं आणि जागीच मुतायचं. आमच्यासमोरही घाबरायची ती, पण एवढी नाही. रंभाताई तेव्हा कोपऱ्यात कुत्र्याकडे पाठ करून बसायच्या, तासन्‌तास. मला वाटायचं, अंगाला फिनेलचा वास मुरला असेल.

मांदेली आली गेल्या डिसेंबरात. तिची गंमत म्हणजे कुणीही तिच्यासमोर उकिडवं बसून हात पुढे केला की ती उजवा पाय द्यायची. मी खूश! लगेच व्हिडिओ काढला, वर लिहिलं, 'शेकहँड करणारी गुणी मांदेली घर शोधतेय.' रंभाताईंनी तो माझ्या फोनवर पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ते नका टाकू, मॅडम."

"का?"

"असंच."

असंच म्हटलं की माझं डोकं फिरतं. दिवसभर धावून दमले होते, वर यांचं असंच. टाकला व्हिडिओ. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी विचारणा केली. त्यांतून आम्ही खांदा कॉलनीतले सुशांत आणि रुचिरा निवडले. दोघं नोकरीवाले, घर तळमजल्यावर, स्वभाव गरीब.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चार वाजता दोघं तिला न्यायला आले. रुचिराने स्वतः निवडून आणलेला लाल पट्टा हौसेनं बांधला. सुशांत ओटीवर उकिडवा बसला आणि त्याने हात पुढे केला. मांदेलीने पाय दिला. त्याने टाळी वाजवली. परत हात, परत पाय. "काय शहाणी आहे हो!" तो प्रत्येक वेळी म्हणत होता. आणि प्रत्येक वेळी मांदेली मान दुसरीकडे वळवून डोळे घट्ट मिटत होती. व्हिडिओतही तसंच होतं, पण मला ती लाजते असं वाटलं होतं. लाजते! माझ्या अकलेची आता मलाच कीव येते.

"बस करा ना," दाराची चौकट धरून रंभाताई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मी मधेच गाडीतून फॉर्म आणले होते आणि येताना फाटक उघडंच टाकलं होतं. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. विमानतळ सुरू झाल्यापासून गव्हाणची माणसं वर बघतसुद्धा नाहीत. पण आधीच भेदरलेली मांदेली उडालीच. सैल बांधलेला पट्टा रुचिराच्या हातात राहिला, आणि कुत्री माझ्या पायांजवळून फाटकाबाहेर गेली.

पुढे उरणचा रस्ता. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची लांबच लांब रांग तासाभरापासून उभी होती. मांदेली एका ट्रेलरखाली शिरली आणि मागच्या जोडचाकांच्या मधे जाऊन बसली. वाकून पाहिलं तर फक्त थरथरणारी पाठ दिसत होती. सुशांतने बिस्किटं पुढे केली, नावाने हाका मारल्या. प्रत्येक हाकेला ती चाकाला आणखी चिकटत होती. काठीने ढकलावं तर दुसऱ्या बाजूच्या वाहत्या रस्त्यावर जाईल.

ड्रायव्हर खाली उतरला. उदयसिंह त्याचं नाव, माणूस भला. "दीदी, आगे की गाड़ी हिली तो मुझे भी हिलना पड़ेगा। पीछेवाले छोड़ेंगे नहीं।" तो बोलत असतानाच पुढे एकेक इंजिन सुरू व्हायला लागलं. मी हात जोडून रांगेच्या पुढे धावले. आमच्या पुढचा पाचवा ट्रेलर हलला होता. चौथा हलला. मनात एकच, फाटक मी उघडं टाकलं, फाटक मी उघडं टाकलं. मागे वळून पाहिलं तर रंभाताई रस्त्याच्या कडेला नुसत्या उभ्या होत्या. मला त्यांचा भयंकर राग आला. ही बाई उभी काय राहिलीय?

मी परत पोचले तेव्हा त्या उदयसिंहला म्हणत होत्या, "भैया, तुमारा डब्बा दे. जेवनाचा डब्बा."

त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं, पण त्याने केबिनमधून स्टीलचा डबा दिला. रंभाताईंनी झाकण घेतलं आणि डांबरावर पालथ्या पडल्या. लुगडं तेलात माखलं. झाकण ट्रेलरखाली सरकवलं, नखाने त्यावर दोनदा वाजवलं, आणि मी कधी न ऐकलेल्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "चल. दे."

मांदेली आली. पोट जमिनीला घासत, शेपूट पोटात घालून, कापत कापत, पण सरळ आली. उजवा पाय झाकणावर ठेवला. मान वळवली. डोळे मिटले.

रंभाताईंचा एक हात तिच्या मानेमागून गेला, दुसरा कोपराखाली, आणि अंगठा पायावरच्या शिरेवर दाबून बसला. ही पकड मी डॉक्टरांकडे पाहिली आहे. रक्त काढताना कुत्रं असंच धरतात. त्या तशाच सरपटत तिला घेऊन बाहेर आल्या. मिनिटभरात ट्रेलर हलला आणि ती चाकं तिथून फिरत गेली.

आम्ही ओटीवर येऊन बसलो. मांदेली रंभाताईंच्या मांडीवर होती.

"झाडलोट नव्हती माझी, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी धरायची. माझ्या हातात कुत्री गप बसायची, म्हनून मनाच बोलवायचे. स्टीलच्या टेबलावर दोनदा वाजवलं की पाय द्यायची, अशी सवय मीच लावली. हिला पन मीच धरलंय. वळखते ती मना." मग खाली बघत म्हणाल्या, "हे कललं तर तुमी कुत्री न्याल, म्हनून नाय बोलले. आता नेताव का?"

राग आला, खरंच आला. पण कुणाचा ते ठरेना. त्या निदान 'नका टाकू' म्हणाल्या होत्या. मी फोन काढला आणि तो व्हिडिओ पुसून टाकला. सुशांत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, जणू ते परत पुढे जातील अशी त्याला भीती होती.

"कुत्री इथेच येत राहणार," मी म्हटलं.

रंभाताईंनी पकड कधीच सोडली होती. हात नुसता उघडा होता. पण मांदेली पाय मागे घेत नव्हती. तळहातावर पाय ठेवून, डोळे मिटून, ती सुईची वाट बघत होती. "नाय टोचत गो बाय. सुई नाय आता," रंभाताई म्हणत राहिल्या. ऊन ओटीवरून खाली उतरलं तरी पाय तिथेच होता. शेवटी झोप लागली तेव्हा तो घसरला. इतकी भीती मी कधी इतक्या जवळून पाहिली नव्हती.

सुशांत-रुचिरा तीन आठवड्यांनी तिला घेऊन गेले. अर्जावर मी हाताने एक ओळ वाढवली, 'पाय मागू नये.'

मेच्या शेवटी मी त्यांच्याकडे गेले होते. शेजारचे कृष्णकांत काका सहज आत आले, आणि आम्ही काही बोलायच्या आत उकिडवे बसून, हात पुढे करून म्हणाले, "शेकहँड!"

रुचिराच्या हातातला कप तसाच राहिला. मांदेलीने हाताकडे पाहिलं. उजवा पाय जमिनीवरून थोडा उचलला गेला. मग तिने तो खाली ठेवला, काकांकडे पाठ केली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी तिथूनच फोन लावला. "रंभाताई, मांदेलीने आज पाय दिला नाही."

पलीकडून नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज.

"मागितला तरी?"

"मागितला तरी नाही दिला."

मग अगदी हळू म्हणाल्या, "परत एकदा सांगा."