साखर नाकारणारा जिवाणू

प्रतिभा विधातेचे वडील कोंडाजी नाशिकजवळच्या मखमलाबादला झेंडू आणि गुलाब पिकवत. एम.एस्सी. झाल्यावर ती नाशिकच्याच एका कॉलेजात हंगामी शिकवू लागली आणि १९९४ साली तिथल्याच दाबके सरांकडे पीएच.डी.ला लागली.

जिवाणू साखर आत ओढून घेतात. ती कधी ओढायची, कधी थांबायचं, हे त्यांची जनुकं ठरवतात. त्यातलंच एक जनुक तिला शोधायचं होतं. साखर आणि रंग घातलेल्या प्लेटवर साखर खाणाऱ्या जिवाणूंचे ठिपके लाल होतात. ज्याचं जनुक बिघडलंय तो फिकट राहतो. बरेच महिने नुसतं लालच दिसत राहिलं आणि एका सकाळी एक ठिपका फिकट निघाला. कोणतं जनुक बिघडलं असावं, ते मांडून तिच्या आणि सरांच्या नावाने शोधनिबंध छापून आला. बाजारात कोंडाजी गिऱ्हाइकांना सांगू लागले, पोरगी डॉक्टर होणार.

शेवटचा प्रयोग राहिला होता. धडधाकट जनुक परत घातलं की ठिपका लाल व्हायला हवा होता. तो होईना. शेवटी तिने जिवाणूच मुळापासून तपासला. तो तिचा नव्हताच. कुठून तरी प्लेटवर आलेला, मुळातच ती साखर न खाणारा दुसरा जिवाणू होता.

तिने सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"परीक्षक एवढं तपासत नाहीत. प्रबंध दे आणि मोकळी हो."

"आणि छापलेलं, सर?"

"ते राहू दे."

तिने प्रबंध दिला नाही. पीएच.डी. नाही म्हणून कॉलेजातली कायम जागा दुसऱ्या कोणाला मिळाली, पुढच्या वर्षी तिचे तासही गेले. मग सातपूरच्या एका औषध कंपनीत पाणी तपासायचं काम तिने धरलं.

कोंडाजींना काहीच उमगेना. "त्यो जीव खोटा होता का?" त्यांनी एकदा विचारलं.

"जीव खरा होता, आबा. मी त्याच्याबद्दल लिहिलं ते चुकीचं होतं."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. बाजारात मात्र मरेपर्यंत, पोरगी डॉक्टर होणार, हेच सांगत राहिले.

२००५ मध्ये पुण्याहून आशा गावित नावाची मुलगी कंपनीच्या गेटवर तिला शोधत आली. मूळची नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या डोंगरातली, घरातली पहिली शिकलेली. आशाचं सगळं संशोधन प्रतिभाच्या त्या निबंधावर उभं होतं आणि काही केल्या प्रयोग जमत नव्हता. आपलाच हात चुकतोय, असं तिला वाटत होतं.

प्रतिभाने तिला चहाच्या टपरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. आशाने पिशवीतून वही काढली.

"हे कुठं छापलंय का, मॅडम? माझे सर नुसतं सांगून ऐकणार नाहीत."

"नाही."

तोवर दाबके सर वारले होते. प्रतिभाने स्वतः निबंध छापणाऱ्या मासिकाला कळवलं. त्यांनी पुरावा म्हणून मूळ जिवाणू मागितले. ते कॉलेजने फ्रीज बदलताना कधीच फेकून दिले होते. निबंध तसाच राहिला. वर्षभराने आशानेच फोन करून प्रतिभाला सांगितलं, सर ऐकलेच नाहीत, संशोधन सोडलं.