मेणाची वडी

ऑपरेशन झालं, गाठ निघाली, तरी ती गाठ कसली हे कोणी सांगेना. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, तिथे ह्यांना ती झाली होती. तिथलीच असेल तर निभावलं. मूत्रपिंडातून पसरलेला कॅन्सर असेल तर पुढचं डॉक्टर बोलतच नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली म्हणे दोन्ही सारख्याच दिसतात. आता गाठीच्या तुकड्यावर वेगवेगळे रंग लावायचे आणि कुठला चढतो त्यावरून तिचं मूळ ओळखायचं. तो तुकडा मेणाच्या वडीत बसवलेला, आणि ती वडी पणजीच्या प्रयोगशाळेत आपणच पोचवायची. हे मात्र घरी पेज जेवून निवांत. जीव माझाच टांगणीला.

निघण्याआधी देवळात गाऱ्हाणं घातलं. गावचे मानकरी गावकर देवाला म्हणाले, "वाट चुकली तर वाट दाखव रे महाराजा." सगळे म्हणाले, "होय महाराजा." मी तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं ह्याला पुजलं, त्याचं हे फळ? मी देवाशी अबोला धरला होता.

त्यात आमचे दीर मासळीच्या धंद्यातले. उन्हात मेण वितळेल म्हणून त्यांनी वडी डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट पिशवीत घट्ट बांधून बर्फाच्या पेटीत घातली. मालवणात नासणारी वस्तू म्हटली की बर्फ, दुसरं काही सुचतच नाही. एसटीत तसल्या पेट्या आणखीही होत्या. पणजीला प्रयोगशाळेत पोचून मी झाकण उघडलं, तर आत बांगडे! गाठीचा तपासण्याजोगा तुकडा तेवढाच होता. तिथल्या बाकावर बसून मी देवाला मनात जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले, बांद्याचे मुसलमान मासळीव्यापारी. घाईत उतरताना आमची पेटी त्यांनी उचलली होती. मी भांडायच्या तयारीत उठले. ते पेटी पुढे करून म्हणाले, "ताई, चिठयेवरचो पत्तो वाचलो आणि गाडी काढली. बांगड्यांचा काय नाय ओ, ह्या पयला बघा." भांडण विसरून मी पेटी उघडली आणि रडले. बर्फाने काही बिघडत नाही, कापण्याआधी आम्हीही वडी बर्फावरच ठेवतो, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

पुढे रिपोर्ट आला. ग्रंथीच्या खुणांचे रंग चढले होते, मूत्रपिंडाचा नाही. गाठ तिथलीच होती. तपासण्या चालू राहतील, पण हे घरात आहेत.

हा चमत्कार की चिठ्ठीवरचा पत्ता, मला ठाऊक नाही. मी बोलत नव्हते तरी त्याने ऐकलं, एवढं कळलं. पुढच्या गाऱ्हाण्याला माझा "होय महाराजा" सगळ्यांत मोठा निघाला. मग हळूच म्हटलं, "मागच्या येळचो पण ह्यातच धर."