एकेचाळीस नंबरचा गट

सेंदिल सरांनी टेबलावर चार प्रिंट ठेवले. चारही समयांचे दांडे गुळगुळीत होते. वरच्या हंसांना पिसंच नव्हती.

"सोमवारी पट्टीश्वरमचं गिऱ्हाईक येणार आहे. त्यांना हे दाखवू?"

कुंभकोणमला पितळी समया ओतणाऱ्या त्यांच्या कारखान्यात मी सॉफ्टवेअर सांभाळते. घरी आम्ही तंजावरी मराठी बोलतो, कामावर तमिळ. इथलं बोलणं मीच मराठीत आणलं आहे.

आमचा डिझाइन एजंट म्हणजे नवी डिझाइन्स सुचवणारा प्रोग्रॅम. त्यातली काही आम्ही मेणात करून बघतो. मेणाचा नमुना दक्षिणामूर्ती अय्यांपुढे जातो. चाळीस वर्षं भट्टीवर ओतकाम करत आलेले हे कारागीर नुसतं हो किंवा नको म्हणतात. एजंट ते मेमरीत ठेवतो. असे अनुभव साठले की सारखी वाटणारी डिझाइन्स तो स्वतःच एकत्र करतो. या गटाला आम्ही कन्सेप्ट म्हणतो. त्याला नाव नसतं, फक्त नंबर असतो. वाईट ठरलेल्या गटाच्या वाटेला एजंट पुन्हा जात नाही.

सरांना वाटलं, बग आहे. मी मेमरी उघडली. अलीकडे एकेचाळीस नंबरचा एक मोठा गट तयार झाला होता आणि त्यातलं सगळं रिजेक्ट होतं. मी डिझाइन्स शेजारी शेजारी लावली. काही उंच, काही बुटकी. काही तीन वातींची, काही पाच. सारखं काहीच दिसेना. शेवटी कोरीव रेघांची खोली मोजली. गटातली प्रत्येक रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा उथळ होती. अशाच रेघा अय्यांनी वर्षभरापूर्वी बिनतक्रार पास केल्या होत्या.

हंसांची पिसं अशाच उथळ रेघांनी काढतात, म्हणून एजंट ती टाळत होता. तो बरोबरच शिकला होता. मला वेगळीच शंका आली. सरांना एवढंच म्हटलं, की रविवारपर्यंत वेळ द्या.

रविवारी सकाळी सुंदरपेरुमाळ कोयिल या गावी अय्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी फाटकातून आत आले, तरी आवाज दिल्यावरच त्यांनी मान वळवली. इथे लेकीच्या वयाच्या मुलीलाही अम्मा म्हणतात, तसं "ये अम्मा" म्हणाले.

मी दोन नमुने बरोबर नेले होते, एक खोल रेघांचा, एक उथळ. ते त्यांच्या हातात दिले. त्यांनी अंगठा फिरवला. खोल रेघांचा ठेवून घेतला, उथळ परत केला.

"अय्या, डोळ्यांनी दिसत नाही का?" मी विचारलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "बोटाला कळतं त्याला मी हो म्हणतो. कळत नाही त्याला नको. न बघता हो म्हणण्यापेक्षा ते बरं."

भट्टीजवळ काम करताना भीती वाटत नाही का, हेही मी विचारलं. वितळलेल्या पितळेचा रंग अजून कळतो, असं ते म्हणाले. पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. डोळ्यांचं कळलं तर घरी बसवतील, म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा. मी कुणाला सांगायचं नाही, सोमवारी ते स्वतःच सरांना सांगतील, एवढं त्यांनी मागितलं. मी कबूल केलं, आणि परतताना रस्ताभर ते चूक की बरोबर याचा विचार करत राहिले. एक दिवस गप्प राहण्याची जबाबदारी आता माझीही होती.

सोमवारी भट्टी पेटण्याआधीच ते सरांच्या केबिनमध्ये गेले. सर ओरडले नाहीत. त्यांनी अय्यांचं भट्टीवरचं काम त्याच क्षणी थांबवलं आणि स्वतःच्या गाडीतून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. गिऱ्हाइकाला मी जुनं कॅटलॉग दाखवलं आणि मुदत वाढवून मागितली.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, त्याचं ऑपरेशन झालं. डावा डोळा काचबिंदूने गेला होता. तो परत येणार नव्हता.

दोन महिन्यांनी अय्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. एकेचाळीस नंबरचे सगळे नमुने मी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवले. बहुतेक पास झाले. काही त्यांनी पुन्हा बाजूला सारले आणि या वेळी का ते सांगितलं: इथे तेल साचेल, इथे मान मोडेल. जुने निकाल काढून टाकून मी हे मेमरीत घातलं.

भट्टीवर ते परत गेले नाहीत. तपासणीचं काम आता पूर्णवेळ त्यांच्याकडे आहे. रिजेक्टच्या बटणाआधी मी कारणाचा रकाना टाकला आहे, आणि तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही.

एजंट काय शिकला हे मी दर आठवड्याला तपासत होते. तो ज्यांच्याकडून शिकत होता, ते माझ्यापासून दहा पावलांवर काम करत. त्यांना कसे आहात म्हणून विचारलं असतं, तर गट उघडावाही लागला नसता.