समुद्र न पाहिलेल्या डॉल्फिनवाल्या मॅडम

आमच्या डॉल्फिनवाल्या मॅडमनी समुद्र कधी पाहिला नव्हता. जन्म खापा गावचा, ओळखीचे पाणी म्हणजे कन्हान नदी. तरीही डॉल्फिनविषयी त्या शेजारणीविषयी बोलावे तशा बोलत. सदर भागातील कचेरीसमोर मी बावीस वर्षे अर्जलेखन करीत आहे. असा पक्षकार माझ्या टेबलापुढे दुसरा बसला नाही.

"कुठं राह्यते तुमचा डॉल्फिन? अंबाझरी तलावात का?" शेजारचा स्टँपवाला खिजवीत असे.

"लॅपटॉपमंदी राह्यते, भाऊ. खाते, पिते, लेकरंबी होते त्याले."

तो आकडेमोडीचा डॉल्फिन होता. कारखान्यांची व फवारणीची जी विषे वर्षानुवर्षे नाश पावत नाहीत, ती लहान माशातून मोठ्या माशात व तेथून डॉल्फिनच्या देहात किती साठतील, याचे गणित त्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी मांडीत. मला समजावे म्हणून सांगत, "हे विष घामात-मुतात निंघून जात नाही, काका. चरबीत घर करते. मादीच्या अंगातून निंघाची मोठी वाट एकच, दूध."

गणित खरे की खोटे, हे किनाऱ्यावर मृत सापडलेल्या प्राण्यांच्या तपासणीवरूनच ठरणार होते. ते आकडे तिकडच्या एका कार्यालयात पडून होते. मॅडमचे दोन अर्ज अनुत्तरित राहिले होते आणि प्रबंधाची मुदत संपत आली होती.

तिसरा अर्ज मी लिहिला. "माहिती मिळावी" असे मोघम लिहून कार्यालय हलत नसते. मी रीतसर विचारले: मयताचे लिंग काय, वय काय, अपत्ये किती? "मयत मादी व तिचे अज्ञान पिल्लू" हे वाचून दाखवताच त्या खो खो हसू लागल्या.

"अज्ञान काहून, काका?"

"वयात न आलेल्याले कायद्यात अज्ञानच म्हणतेत. एवढं शिकून राहिल्या, अन् हे ठाऊक नाही?"

त्यांचे हसू ओसरले. "राहू द्या तसंच. त्याले कुठं माहीत होतं, मायच्या दुधात काय येऊन राहिलं ते."

उत्तर आले. पाकीट त्यांनी माझ्याच टेबलावर उघडले, लॅपटॉप शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. मी चहा सांगण्यास उठलो.

"जुळलं का, मॅडम?"

"जुळलं."

"मंग रडता काहून?"

"पिल्लाच्या अंगात मायपेक्षा जास्त निंघालं, काका. माह्या गणितात होतं तसंच. एवढं एक तरी चुकाले पायजे होतं."

पुढे प्रबंध मान्य झाला व त्या किनाऱ्यावर नोकरीस गेल्या. अर्जास यश आले की पक्षकाराचे अभिनंदन करण्याचा माझा रिवाज आहे. पाकीट उघडले त्या दिवशी मात्र तो मोडला. डोळे पुसण्यास माझ्या खांद्यावरचा दुपट्टा तेवढा पुढे केला.